बेचाळीस सेंटिमीटर हॉली

धाकटीला राग यायला सकाळी साडेसहाला सुरुवात व्हायची, कारण तिच्या स्वयंपाकघराची खिडकी थोरलीच्या हॉलीच्या झाडाकडे उघडायची. दूध तापायच्या आत ती तापलेली असायची.

थोरली आणि धाकटी या जावा. घर एकच, पण मधोमध भिंत घालून दोन केलेलं. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी, आणि वरच्या मजल्यावर दोघींच्या डोक्यावर सासूबाई. मागे बाग होती. तिच्यातून एक तार गेली होती, आणि तारेच्या दोन्ही बाजूंना, तारेपासून अगदी सारख्या अंतरावर, हॉलीचं एकेक झाड होतं. तीच चकचकीत पानं, तेच काटे, तीच उंची. थोरलीच्या हॉलीला दर हिवाळ्यात लालभडक फळं लगडायची. धाकटीची हॉली हिरवी होती. नुसती हिरवी. चार हिवाळे थोरलीचं झाड नटूनथटून उभं राहत होतं आणि धाकटीचं त्याच्या शेजारी, कुणीतरी पर्स धरायला उभं केल्यासारखं.

सासूबाई वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण हे फक्त खात्याला माहीत होतं. सासूबाईंना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले होते, आणि सात वर्षांपूर्वी घराची वाटणी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती तशीच केली. जेवणाचं टेबल सुताराकडून मधोमध कापून घेतलं. प्रत्येकीच्या वाट्याला दोन पायांचं अर्धं टेबल आलं, आणि ते तेव्हापासून भिंतीला टेकून उभं होतं. घड्याळ एकच होतं. ते सासूबाईंनी वर नेलं आणि दोघींना वेळ विचारायची समान मुभा दिली.

बागेसाठी त्या स्वतः नर्सरीत गेल्या होत्या, टेप आणि काटा घेऊन. चाळीस कुंड्या बाहेर काढायला लावल्या आणि त्यांतून दोन निवडल्या. दोन्ही रोपं बेचाळीस सेंटिमीटर. एक कुंडी दुसरीपेक्षा चाळीस ग्रॅम जड भरली, तर सासूबाईंनी चमच्यानं माती काढून ती बरोबर केली. मग एकेक रोप एकेका सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दोघींना सारखंच दिलंय. पुढचा गुण ज्याच्या त्याच्या हाताला."

हे वाक्य तिथंच संपलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण थोरलीच्या झाडाला पहिली फळं लागली, आणि वाक्याला मुळं फुटली. धाकटीच्या घरातला बल्ब गेला, तरी "दोघींकडे बल्ब सारखेच होते". धाकटीचा स्वेटर धुण्यात आटला, "हाताला असतं एकेकाच्या". शेवटी सासूबाई नुसतं "हाताला" एवढंच म्हणून खिडकीबाहेर बघायच्या, आणि बाहेर थोरलीची हॉली लाल होऊन साक्षीला उभी असायची.

आता धाकटीचा हात. ती दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती त्यांवरून दात करायची: कॅप, ब्रिज, पूर्ण कवळ्या. अकरा वर्षं. गावातली निदान पाचशे माणसं तिच्या हातचं हसत होती. खुद्द सासूबाईंच्या खालच्या उजव्या दोन दाढा धाकटीनंच केलेल्या होत्या. "धाकटीच्या हाताला गुण नाही" हे वाक्य त्या दाढांवरून घरंगळतच बाहेर यायचं, आणि एकदाही अडखळायचं नाही, इतक्या त्या दाढा नीट बसल्या होत्या.

आणि तरीही. एखादी गोष्ट चार वर्षं रोज ऐकली की ती कानातून हातात उतरते. प्रयोगशाळेत ती चांगली जमलेली कॅप उचलून दिव्याखाली धरायची, फिरवून फिरवून बघायची, आणि पुन्हा पहिल्यापासून करायला घ्यायची. मालक म्हणाले, "अहो, या कॅपला काय झालंय? उत्तम आहे की." धाकटी म्हणाली, "काही नाही," आणि ती कॅप फोडली. तिला सासूबाईंचा राग होता, थोरलीचा होता, त्या झाडाचा होता. पण सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा होता, की तिला ते वाक्य हळूहळू पटायला लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी जाहीर केलं, "मागची खोली अजून वाटलेली नाही. पुढच्या हिवाळ्यात मला सत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी ती एकीला देईन. अख्खी. सारख्या वाट्यातून जिनं जास्त केलं असेल, तिला." आणि बाहेर बघितलं. कुठे, ते सांगायला नको.

मागच्या खोलीला उत्तरेकडे ही एवढी मोठी खिडकी होती. तिथं दिवसभर सारखा उजेड यायचा, ऊन न येता. दाताचा रंग जुळवायला असा उजेड लागतो. ट्यूबलाइटखाली पांढरा दिसलेला दात रस्त्यावर गेल्यावर हिरवट निघतो, आणि माणूस आयुष्यभर तोंडावर हात धरून हसतो. धाकटीला त्या खोलीत स्वतःची प्रयोगशाळा काढायची होती. भट्टी कुठे, टेबल कुठे, साचे कुठे, सगळं तिच्या डोक्यात मांडून झालं होतं. थोरलीला ती खोली कशासाठी हवी होती हे थोरलीलाही माहीत नव्हतं. धाकटीला हवी होती, एवढं तिला पुरेसं होतं.

"तू बोल ना आईंशी," धाकटी नवऱ्याला म्हणाली.

"बघू," नवरा म्हणाला.

नवऱ्याला सगळे 'बघू'च म्हणायचे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की त्याला बोलावत. घरी तो स्वतःच कायम दोन मजल्यांच्या मध्ये असायचा.

म्हणजे करायचं ते धाकटीलाच होतं, आणि करायचं एकच होतं: या वर्षी झाडाला फळं आणायची. तिनं चहाचा चोथा घातला. हाडांचं खत घातलं. कुणीतरी सांगितलं म्हणून गंजके खिळे पुरले. कुणीतरी सांगितलं झाडाशी बोला, म्हणून ती बोललीही. पण ती जे बोलली ते सगळंच खताच्या कामाचं नव्हतं. झाड आणखी हिरवं झालं.

हिवाळा सरला, कळ्या आल्या, आणि पहिली चारदोन फुलं उमलल्याबरोबर ती एक डहाळी कापून नर्सरीवाल्याकडे गेली. नर्सरीवाला झाडांशी अदबीनं आणि माणसांशी जेमतेम बोलणारा गृहस्थ होता. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, डहाळी नाकाशी धरली.

"छान आहे. काय तक्रार?"

"सात वर्षं झाली, फळ नाही."

"फळ?" त्यानं आधी डहाळीकडे बघितलं, मग धाकटीकडे. "याला? बाई, तुम्ही बैलाखाली बादली घेऊन बसलायत."

"म्हणजे?"

"नर आहे हा. हॉलीत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. हे बघा, फुलात चार पिवळे दांडे, त्यांवर पराग. मादीच्या फुलात मध्ये हिरवा मणी असतो, त्याचंच पुढे फळ होतं. याला तुम्ही सोन्याचं खत घातलंत तरी फळ यायचं नाही. जवळपास मादी आहे का एखादी?"

"तारेपलीकडे."

"तिला फळं?"

"लगडलेली असतात."

"मग ती याचीच की! मधमाशा इथून पराग नेतात आणि तिथं टाकतात. गावात हॉली दुसरी नाही. इथं मी दोनच विकली, बाकीची बाहेरगावी गेली. एक बाई टेप घेऊन आल्या होत्या, अजून आठवतं. चमच्यानं माती काढली."

धाकटीचा आवाज अगदी शांत झाला. तिचा आवाज शांत होणं ही चांगली गोष्ट नव्हती.

"तेव्हा का नाही सांगितलंत त्यांना?"

"सांगत होतो. त्या म्हणाल्या, मध्ये बोलू नका, मोजणी चाललीय."

नर्सरीपासून घर पंचवीस मिनिटांवर होतं. धाकटी अकरा मिनिटांत पोचली. वाटेत तिनं चार वर्षांचा हिशेब लावला. बल्ब, स्वेटर, फोडलेल्या कॅप. चार हिवाळे थोरली गेटपाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला फळं दाखवत होती, "नुसतं पाणी घालते हो, बाकी काही नाही," असं म्हणत होती, आणि ते अक्षरशः खरं होतं. बाकी सगळं धाकटीचं झाड करत होतं.

सासूबाई वर बसून किल्ल्यांना तेल लावत होत्या. थोरलीही तिथंच होती. धाकटीनं डहाळी टेबलावर आपटली आणि सगळं सांगितलं. एका दमात, बैल आणि बादलीसकट.

सासूबाईंनी डहाळीला हात लावला नाही. "दोन्ही बेचाळीस सेंटिमीटर होती."

"उंचीचं नाही म्हणत मी, आई. एक नर होतं, एक मादी."

"ते उंचीत दिसत नाही."

"दिसत नाही म्हणून नसतं का?"

"जे मोजता येत नाही, ते मी धरत नाही."

"मग फूल तरी बघा! चार दांडे आहेत, मोजा की! चारपर्यंतच मोजायचंय!"

"मी निवृत्त आहे," सासूबाई म्हणाल्या.

थोरलीला तेवढ्यात हसू फुटलं. "अगोबाई! म्हणजे माझ्या झाडाचे ते, तुझ्याकडे राहतात?" तिनं पदर तोंडाला लावला. "अगं, मग आपण जावा कुठल्या, विहिणी झालो की! मुलाकडची बाजू तुझी. या हं विहीणबाई, बसा."

"हसा," धाकटी म्हणाली. "हसा, वहिनी. तुमचे दात अजून तुमचेच आहेत तोवर हसून घ्या."

खाली येऊन तिनं कपाट उघडलं आणि जुने पडदे काढले. निळ्या कापडावर पांढरी जहाजं होती. चार पडदे एकमेकांना शिवून तिनं एक भलंमोठं पोतं केलं. शिवताना सुई दोनदा मोडली. तिसरी सुई घाबरून नीट चालली. मग शिडी लावून ते पोतं तिनं हॉलीवर वरून घातलं आणि बुंध्याशी दोरीनं आवळलं. हातांवर काट्यांचे एवढे ओरखडे उठले की दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "मांजर पाळलंय का?"

"नवरा मुलगा झाकून ठेवलाय," ती म्हणाली. मालक लगबगीनं दुसऱ्या टेबलाकडे गेले.

बागेत आता हॉलीच्या जागी निळं गलबत उभं होतं. मधमाशा येत होत्या, वास घेत होत्या, जहाजांवर बसत होत्या आणि निघून जात होत्या. तारेपलीकडे थोरलीची हॉली फुलली होती, आणि तिच्याकडे कुणी यायला नव्हतं.

थोरलीचं हसू तिसऱ्या दिवशी मावळलं. ती वर गेली. "आई, बघा ना, ही झाड झाकून बसलीय. मुद्दाम. माझी फळं येऊ नयेत म्हणून."

सासूबाईंनी खिडकीतून बघितलं. "तारेपलीकडचं तिचं आहे. तिनं झाडाला कोट घातला तरी तिचा प्रश्न. आणि तिच्या झाडाचा तुझ्या फळांशी संबंध नाही. तुझी फळं तुझ्या हाताची आहेत. झाकलं काय, न झाकलं काय."

हे सगळं धाकटी जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती दोन पायऱ्या वर आली. "हेच वाक्य लक्षात ठेवा, आई. झाकलं काय, न झाकलं काय."

"माझ्या सगळंच लक्षात असतं," सासूबाई म्हणाल्या.

थोरलीचा मात्र हातावरचा विश्वास डळमळला असावा. कारण पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला धाकटीनं खिडकीतून बघितलं, तर गलबताला दोन पाय फुटले होते. पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले. ती चप्पल न घालता बाहेर धावली.

थोरले भाऊजी तारेखालून अलीकडे आले होते, दोरी सोडून पडद्यात कमरेपर्यंत शिरले होते, आणि त्यांच्या हातात कान साफ करायची कापसाची काडी होती. थोरले भाऊजी वाचनालयात ग्रंथपाल होते. वीस वर्षांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि त्यांच्यावर कुणी चढवला तर काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

"भाऊजी! काय करताय?"

भाऊजींनी सवयीनं ओठांवर बोट ठेवलं. "श्श."

"माझ्या झाडात शिरून मलाच श्श?"

"मी... जरा बघत होतो."

"कापसाच्या काडीनं?"

"कान साफ करत होतो."

"कुणाचे?"

मग भाऊजींनी वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली: पळाले. काडी एका हातात, दुसरा तळवा तिच्यावर आडवा, वाऱ्यात पेटती काडी जपावी तसे. तारेखालून लोळत पलीकडे गेले आणि थोरलीच्या हॉलीची सगळ्यांत खालची फांदी धरून एकेका फुलाला काडी टेकवू लागले. घाईत होते, तरी एकही फूल सोडत नव्हते, ओळीनं जात होते. पुस्तकांवर शिक्के मारायची सवय अशी कामाला आली.

धाकटीनं बागेची पाण्याची नळी उचलली आणि नळ पूर्ण सोडला.

एक फांदी तेवढी झाली होती. दुसरीला हात लावायच्या आत भाऊजी, काडी आणि पायजमा, तिन्ही ओलेचिंब झाले होते.

थोरली किंचाळत बाहेर आली. "अगं, लाज नाही वाटत? माझ्या नवऱ्यावर पाणी?"

"माझ्या झाडात तुमचा नवरा!"

"एवढंसं पावडरभर काहीतरी, त्यासाठी एवढा तमाशा!"

"एवढंसं? मग घेताय कशाला चोरून? मागायचं होतं! या दारात येऊन म्हणायचं होतं, तुझ्या झाडावाचून माझं अडतंय! चार वर्षं लोकांना दाखवलीत ना फळं? आयत्या बिळावर नागोबा नुसता! चार वर्षं मी माझे हात बघत बसले, वहिनी. चार वर्षं! आणि तुम्ही गेटवर उभ्या राहून काय म्हणायचात? नुसतं पाणी घालते! घ्या मग पाणी!"

थोरलीलाही पाणी मिळालं. बघू आवाज ऐकून बाहेर आला, दोन्ही बाजूंकडे नजर टाकून म्हणाला, "जरा शांतपणे बघू," आणि त्यालाही मिळालं. ते चुकून गेलं असं धाकटी नंतर म्हणाली. चुकून नव्हतं.

वाटणी अशी सारखी झाली. वरून सासूबाई सगळं बघत होत्या, पण त्यांनी खिडकी उघडली नाही.

तीन आठवड्यांनी फुलं गळली आणि धाकटीनं पोतं काढलं. मग उन्हाळा गेला, पाऊस गेला. धाकटी प्रयोगशाळेत जात होती, दात करत होती, आणि त्या वर्षी तिनं एकही कॅप फोडली नाही. रागाला एकदा पत्ता सापडला की तो घरभर फिरत नाही.

सत्तर पूर्ण झाले त्या दिवशी सकाळी सासूबाई काटा घेऊन खाली उतरल्या. तार ओलांडायला बघूनं त्यांना हात दिला. एवढं एक काम त्याला पक्कं जमायचं. सगळे थोरलीच्या हॉलीपुढे उभे राहिले. झाड खालपासून वरपर्यंत हिरवंगार होतं. फक्त सगळ्यांत खालची एक फांदी लाल होती, टच्च, एका ओळीत भरलेली. कुणीतरी लिपस्टिक लावायला बसलं आणि फोन आला म्हणून उठून गेलं, तशी.

सासूबाईंनी झाडाला एक फेरी घातली. मग दुसरी. मग खाली वाकून त्या फांदीवरची फळं मोजली. "एकोणीस," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मोजायला दोन तास लागले होते."

"खत कमी पडलं," थोरली म्हणाली.

"खत मुळाला घालतात. फांदीला नाही. हीच फांदी का?"

थोरली त्या फांदीच्या पुढ्यात सरकून उभी राहिली.

"मी विचारतेय, हीच फांदी का?"

तीस वर्षं दुकानदार ज्या आवाजाला घाबरून गल्ल्यामागे लपले, तो हा आवाज होता. आणि थोरले भाऊजी त्या आवाजाच्या पोटचेच. त्यांचा चेहरा फळांच्या रंगाचा झाला.

"मी केली, आई."

"काय केलीस?"

"ती फांदी. म्हणजे, पराग. हिच्या झाडाचे आणून लावले. कापसाच्या काडीनं. एवढीच झाली, मग... पाणी आलं."

"अहो!" थोरली म्हणाली. एवढ्या लहान शब्दात एवढ्या शिव्या त्या बागेत आधी कुणी भरल्या नव्हत्या.

सासूबाईंच्या हातातला काटा डुलत होता, रिकामाच. धाकटी पुढे आली. तिला वाटलं होतं या क्षणी आनंद होईल. झाला नाही. राग होता तो आणखी स्वच्छ झाला, गाळलेल्या पाण्यासारखा.

"बघितलंत ना? माझं झाड झाकलं, फळं नाहीत. जिथं माझ्या झाडाचं पोचलं, तिथंच आली. झाकलं काय, न झाकलं काय, म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग आता म्हणा."

"काय?"

"माझं माप चुकलं, म्हणा. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, म्हणा. मोठ्यानं. हे तिघं ऐकताहेत, त्यांच्यासमोर."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग झाडाकडे, मग तारेकडे. खालच्या उजव्या दाढा वरच्या दाढांवर घट्ट बसल्याचं बाहेरूनही दिसत होतं. त्यांनी तीस वर्षांत हजारो माणसांकडून हे वाक्य वदवून घेतलं होतं, लेखी आणि सहीसकट. स्वतः कधी म्हटलेलं नव्हतं.

कंबरेच्या जुडग्यातून त्यांनी एक किल्ली सोडवली.

"खोली घे," त्या म्हणाल्या.

"आई!" थोरली ओरडली.

"घे. अख्खी."

"खोलीचं नंतर," धाकटी म्हणाली. "आधी म्हणा."

"वाटलं तर आतलं लोखंडी कपाटही घे."

"आई, तीन शब्द आहेत."

"पंखासुद्धा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता, हिवाळ्यात. "मी नवीन बसवून देते."

धाकटीनं त्या घामाकडे बघितलं. तिच्या लक्षात आलं की ही बाई आणखी पाच मिनिटांत वरचा मजलाही देईल, गच्ची देईल, पण तीन शब्द देणार नाही. धाकटीनं किल्ली घेतली. त्यागबिग करायचा तिचा विचार नव्हता. खोली तिला हवी होती आणि उत्तरेचा उजेड काही सासूबाईंचा नव्हता. पण घेताना ती म्हणाली, "हे मी उधार धरणार नाही, आई. हे वेगळं आणि ते वेगळं. ते बाकी आहे."

सासूबाई काहीही न मोजता वर निघून गेल्या.

प्रयोगशाळा महिन्याभरात उभी राहिली. भट्टी आली, टेबल आलं, पंखा खरंच नवीन बसला. उत्तरेच्या उजेडात पहिला दात जुळवताना धाकटीला कळलं की अकरा वर्षं ती ट्यूबलाइटखाली अंदाजानं किती बरोबर काम करत होती. त्यामुळे तिला पुन्हा नव्यानं राग आला. सासूबाई बागेच्या बाजूला फिरकेनात. 'हाताला' हा शब्द घरातून नाहीसा झाला. पण शब्द नाहीसा होणं आणि परत घेतला जाणं यात फरक असतो, आणि तो फरक धाकटीच्या छातीत दगडासारखा बसून होता.

मग पुन्हा कळ्या आल्या. एका सकाळी धाकटी साचे वाळत घालायला बाहेर आली, तर तारेपलीकडे थोरली कपडे वाळत घालत होती. एकच टॉवेल ती बराच वेळ वाळत घालत होती.

"काय गं," थोरली शेवटी म्हणाली. "यंदा झाकणार का?"

"ठरवलं नाही."

"म्हणजे, लोक विचारतात ना. गेटवर. यंदा फळं का नाहीत म्हणून."

"मग सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"खरं काय ते."

थोरलीनं टॉवेलला चिमटा लावला. "सांगेन की. त्यात काय? माझ्या झाडाला फळं येतात ती तुझ्या झाडामुळे. झालं?"

कपडे वाळत घालता घालता, तोंडात दुसरा चिमटा धरून, ती हे म्हणाली. तिला काहीच पडलं नाही त्याचं. जे वाक्य टाळायला सासूबाईंनी अख्खी खोली मोजली, ते थोरलीनं टॉवेलाबरोबर झटकून टाकलं. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चिमटा काढा तोंडातून," ती म्हणाली.

"आता काय झालं?"

"चिमटा काढा आणि पुन्हा म्हणा. मोठ्यानं. वरपर्यंत जाईल असं."

थोरलीनं वर बघितलं. वरची खिडकी उघडी होती. मग तिनं स्वतःच्या हॉलीकडे बघितलं, कळ्यांनी भरलेल्या, बिनफळाच्या, आणि चिमटा काढला. हाताचे दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले.

"माझ्या झाडाला फळं येतात, ती धाकटीच्या झाडामुळे!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला. आधी हळू, मग बराच मोठा.

"अजून मोठ्यानं, वहिनी," धाकटी म्हणाली, आणि स्वतःचेही तळवे तोंडाभोवती धरले.